पाच बोटांतली पहिली गाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दर वर्षी मी एखादा पदार्थ लिहून देते. गेल्या साली खांडवी दिली होती, त्याच्या आदल्या साली कुळथाचे पिठले. या खेपेस चिटणीसबाई म्हणाल्या, “पाककृती पुष्कळ झाल्या. तुम्ही हल्ली त्या पियानोच्या मागे लागला आहात, त्याचेच काहीतरी लिहा.” मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु माझी थोरली मुलगी कॉलेजात आहे. ती इंग्रजी पुस्तके वाचून मला मराठीत सांगत गेली आणि मी दुपारच्या निवांत वेळी वहीत उतरवून घेत गेले. त्या वहीतून हा लेख काढला आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम हे वेड मला लागले कसे ते सांगते. माझी धाकटी आठ वर्षांची. तिला वाजवण्याची हौस म्हणून ह्यांनी तिला एका क्लासात घातले. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. तिथे पहिल्या दिवसापासून नुसते बोटांचे व्यायाम. खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर. दुसरा महिना उजाडला आणि क्लासाच्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागले. मला वाटले, मुलगी आळशी आहे. एके दिवशी मी तिच्या दंडाला धरून तिला जिन्यापर्यंत ओढत नेले. म्हटले, “पैसे काय झाडाला लागतात?” ती पायरीवर बसली आणि हुंदके देत म्हणाली, “आई, तिथे गाणंच नसतं गं!”

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. त्याला कारण आहे. माझ्या माहेरी कोकणात वडील भजनाची पेटी वाजवीत. ती पेटी माजघरात फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. भाऊ वाजवीत, मला हात लावायची बंदी होती. मी पाटाच्या कडेवर बोटे नाचवून अभंग ‘वाजवीत’ असे. पुढे हायस्कूल लांबच्या गावी म्हणून सातवीनंतर शाळा सुटली, आणि ती बोटेही पाटावरून पोळपाटावर आली. मुलीला तरी हे मिळावे म्हणून मी क्लासाचा हट्ट धरला होता, आणि मीच तिला रडवीत होते.

आमच्या गिरगावात शेजारच्या वाडीत एक गोव्याच्या बाई राहतात. वयाने सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरी जुना पियानो आहे. मी धाकटीला तिथे घेऊन गेले. बाईंनी तिला स्टुलावर बसवले, खाली उशी दिली, आणि विचारले, “काय गं बाय, काळ्या पट्ट्या बघ. दोन कुठे जोडीने आहेत, तीन कुठे आहेत?” पोरीने दाखवल्या. “दोन काळ्यांच्या डाव्या अंगाला जी पांढरी, ते तुझं घर. तिथे अंगठा ठेव.” आपल्या पेटीवर आपण जिला पांढरी एक म्हणतो तीच ही पट्टी. मग अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट, अशा तीनच बोटांचे एक छोटे गाणे त्यांनी तिला शिकवले. तिला जमू लागताच बाई स्वतः खालच्या पट्टीत साथ करू लागल्या. पोर तीन बोटे चालवीत होती, पण खोली भरून गाणे वाजत होते. अर्ध्या तासात आम्ही घरी आलो. त्या रात्री तिने जेवणाच्या ताटावर ते गाणे बोटांनी वाजवले, आणि मला माझा पाट आठवला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले, “मुलांची ही पहिली गाणी कोणी शोधून काढली?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आयांनी आणि बापांनी.” त्या वेळी मला ती थट्टा वाटली. वाचल्यावर कळले की ते अगदी खरे आहे.

पियानो हे वाद्य इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास बनवले. त्याआधी हार्प्सिकॉर्ड होते, त्यात पट्टी कशीही दाबली तरी आवाज सारखाच येई. क्रिस्तोफोरीने तारेवर छोटी हातोडी पडेल अशी योजना केली. हळू दाबले तर हळू, जोराने दाबले तर मोठा आवाज. परंतु नवे वाद्य घरोघर पोहोचायला वेळ लागला, आणि मुलांची पहिली पुस्तके जुन्या वाद्यांवरच तयार झाली.

त्यांतले एक नामांकित पुस्तक जर्मनीतले थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी आपल्या थोरल्या मुलासाठी सुरू केले. मुलाचे नाव विल्हेल्म फ्रीडमान, वय नऊ. वहीवर २२ जानेवारी १७२० अशी तारीख आहे. आरंभी स्वर कुठे लिहायचे त्याचा तक्ता, मग खटके-मुरक्यांसारखे अलंकार कसे घ्यायचे ते, आणि लगेच एक छोटी चीज, तिच्या प्रत्येक स्वरावर कोणते बोट लावायचे त्याचा आकडा. अंगठा म्हणजे एक आणि करंगळी म्हणजे पाच. आजही पियानोच्या पहिल्या पुस्तकात हेच आकडे असतात. त्या काळापर्यंत मोठमोठे वाजवणारेही अंगठ्याचा उपयोग क्वचितच करीत. बाखांच्या दुसऱ्या मुलाने १७५३ साली या वादनावर ग्रंथ लिहिला, त्यात वडिलांनी सांगितलेली ही आठवण दिली आहे. आपल्याकडे अंगठ्याला मान कमी, पण पियानोवर पहिले घर त्याचेच.

बाखांची पहिली पत्नी वारली. १७२१ साली त्यांनी आना माग्दालेना हिच्याशी लग्न केले. ती दरबारात पगारावर गाणारी गायिका होती. तिच्यासाठी दोन वह्या झाल्या, एक १७२२ ची आणि दुसरी १७२५ ची. दुसऱ्या वहीतला पुष्कळसा मजकूर तिने स्वतःच्या हाताने उतरवला आहे. त्यात नवऱ्याच्या रचना आहेत, इतरांच्या आहेत, मुलांच्या पहिल्या खटपटीही आहेत. थोडक्यात म्हणजे ती घराची वही आहे. आपण जशी एकाच वहीत आरत्या, मंगळागौरीची गाणी आणि लोणच्याचे प्रमाण लिहितो तशी! या बाईला तेरा मुले झाली, त्यांतली सात लहानपणीच गेली. इतक्या संसारात तिने ही वही लिहिली. त्या वहीतले जी स्वरातले मिन्युएट नावाचे नाचाचे गाणे आज जगभर शिकणारी मुले वाजवतात. पुष्कळ वर्षे लोकांनी ते बाखांचे म्हणून वाजवले. १९७० नंतरच्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले की ते ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचे आहे. १७५० साली बाख वारले आणि आना माग्दालेना पुढची दहा वर्षे गरिबीत, धर्मादायावर जगून १७६० साली गेली. तिची वही मात्र प्रत्येक पियानोच्या शेजारी असते.

दुसरी वही ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग गावची. लेओपोल्ड मोझार्ट यांनी १७५९ साली आपल्या मुलीसाठी ती केली. मुलीला घरात नानेर्ल म्हणत, तिचे वय आठ म्हणजे माझ्या धाकटीएवढे. वहीवर तिचेच नाव घातले आहे. आरंभी सोपी मिन्युएटे आहेत आणि पुढे हळूहळू अवघड चिजा. ताई शिकत असताना तीन वर्षांचा धाकटा भाऊ जवळ बसून पट्ट्यांवर गोड लागणाऱ्या जोड्या शोधी. पुढे त्या वहीतल्या चिजा तोही शिकू लागला आणि वडील वहीतच नोंदी करू लागले. एक नोंद अशी आहे की, हे मिन्युएट त्याने २६ जानेवारी १७६१ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास अर्ध्या तासात शिकले. दुसऱ्या दिवशी त्याला पाच वर्षे पुरी व्हायची होती. हा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध वोल्फगांग मोझार्ट. त्याच्या पहिल्या रचनाही वडिलांनी ताईच्याच वहीत उतरवल्या.

आणि ताईचे काय झाले? ती भावाबरोबर देशोदेशी वाजवीत हिंडली, लोकांनी तिची वाहवा केली. १७६९ साली ती अठरा वर्षांची झाली, आणि मग भाऊ वडिलांबरोबर इटलीला गेला, ती आईबरोबर घरी राहिली. तिने रचना केल्या होत्या, भावाने पत्रांतून त्यांची स्तुती केली होती, पण त्यांतली एकही आज उरलेली नाही. १७८४ साली पाच मुलांच्या एका विधुराशी तिचे लग्न झाले. १८०१ साली नवरा वारल्यावर ती साल्झबुर्गला परत आली आणि मुलांना पियानो शिकवू लागली. १८२९ साली ती वारली. थोरलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी कणीक मळीत होते. माझे हात थांबले. माजघरातली पेटी एकट्या आमच्याच घरात नव्हती, साल्झबुर्गातही होती म्हणायची.

तरुण मोझार्टने पुढे व्हिएन्नात १७८१-८२ च्या सुमारास एका फ्रेंच गाण्याच्या चालीवर बारा बदल रचले. ही चाल आपल्या घराघरांत आहे. आपली बालवाडीतली मुले तिच्यावर ताऱ्याचे इंग्रजी गाणे म्हणतात. चाल फ्रान्सची, १७६१ च्या सुमारास छापलेली. ताऱ्याची कविता इंग्लंडातल्या जेन टेलर या बाईची, १८०६ सालची. त्याच चालीत इंग्रजी मुळाक्षरे बसवून अमेरिकेत बोस्टन येथे १८३५ साली छापली गेली. मी बाईंना विचारले, “मग हेच गाणे पहिल्या दिवशी का नाही दिले? पोरीला येतच होते.” त्या म्हणाल्या, “यात सा पासून ध पर्यंत सहा स्वर लागतात आणि हाताला बोटं पाच. आधी पाच बोटांना आपापली जागा कळू दे, मग सहावा स्वर.” किती साधी गोष्ट, पण ती शिकवणाऱ्याला ठाऊक हवी.

अमेरिकेतल्या मुलांचे तीन-चार स्वरांत बसणारे दुसरे गाणे म्हणजे मेरी आणि तिच्या कोकराचे. ती कविता सारा हेल या बाईने १८३० साली प्रसिद्ध केली. ती विधवा होती, पदरी पाच मुले होती, आणि लेखणीवर तिने घर चालवले. १८७७ साली एडिसनने आवाज धरून ठेवण्याचे यंत्र केले तेव्हा त्याने त्यात हीच कविता म्हटली. त्याच १८७७ साली युफीमिया अ‍ॅलन या सोळा वर्षांच्या ब्रिटिश मुलीची एक गमतीची चीज छापली गेली. दोन्ही हात आडवे धरून, भाजी चिरल्यासारखे पट्ट्यांवर मारून ती वाजवायची. जगातल्या असंख्य मुलांनी ती शिक्षकाशिवायच एकमेकांकडून शिकून घेतली आहे. परंतु छापताना नाव घातले ते आर्थर द लुली या पुरुषाचे.

आता मधली एक गोष्ट सांगायची राहिली. एकोणिसाव्या शतकात पियानो मध्यम स्थितीतल्या घरांत आला आणि व्यायामांची पुस्तके निघाली. बेथोव्हेनचे शिष्य कार्ल चेर्नी यांची त्यांत मोठी ख्याती आहे. व्यायाम वाईट असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही पलट्यांशिवाय गळा तयार होत नाही. जर्मनीतल्या माइन्झच्या फेर्डिनांड बायर यांनी १८५० च्या सुमारास अगदी लहान मुलांचे पुस्तक काढले, त्यात मात्र त्यांनी सुरुवातीलाच युक्ती केली. मुलाने पाच स्वरांत सोपी चाल वाजवायची आणि शेजारी बसून शिक्षकाने साथ करायची. जपानात आणि कोरियात पिढ्यान् पिढ्या मुले याच पुस्तकावर शिकली. आमच्या वाडीतल्या बाई करतात तेही हेच.

क्लारा शूमान हिची हकीकत तर आपण सगळ्यांनी वाचावी. १८१९ साली लायप्झिग येथे तिचा जन्म झाला. चार वर्षांची होईपर्यंत ती बोलतच नसे, मुलगी बहिरी असावी असे लोकांना वाटे. वडील फ्रीडरिख वीक हे पियानोचे शिक्षक होते. पाचव्या वर्षी त्यांनी तिला पियानोपाशी बसवले, आणि तेही पुस्तक न लावता. आधी नुसते ऐकून, चाल बोटांत बसवून वाजवायचे. स्वरांची लिपी त्यांनी मागाहून शिकवली. नऊ वर्षांची असताना, १८२८ साली, तिने लोकांपुढे वाजवले. पुढे १८४० साली संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्याशी तिचे लग्न झाले. आठ मुले झाली. नवरा रचना करीत असला की त्याला आवाजाचा त्रास होई, म्हणून तिला आपला सराव बंद ठेवावा लागे. याची खंत तिने रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

त्यांची थोरली मुलगी मारी. १ सप्टेंबर १८४८ रोजी तिला सात वर्षे पुरी झाली. त्या वाढदिवसासाठी रॉबर्टने काही छोटी गाणी रचली. शिकवण्यांत मुलांना जे वाजवायला देतात ते फार टाकाऊ असते, म्हणून त्यांना हे सुचले, असे क्लाराने नमूद केले आहे. एकातून एक वाढत जाऊन ४३ गाण्यांचे पुस्तक झाले. त्यात कामावरून घरी परतणारा आनंदी शेतकरी आहे, बेफाम घोडेस्वार आहे. हे पुस्तक पाहूनच रशियात चायकोव्स्कीने १८७८ साली आपल्या लहान भाच्यासाठी २४ गाण्यांचे पुस्तक केले. रॉबर्ट १८५६ साली वारला. त्यापुढे क्लाराने गावोगाव वाजवून आणि शिकवण्या करून मुले वाढवली.

शेवटची हकीकत हंगेरीची. १९०४ साली बेला बार्तोक हे तरुण संगीतकार एका गावी राहिले होते. तिथे लिदी दोशा नावाची दाई सांभाळायच्या मुलांना गाणी म्हणून दाखवी. ती गाणी त्यांनी ऐकली आणि त्यांना वाटले, आपल्या देशाचे खरे गाणे हे आहे. मग ते एडिसनच्या यंत्राचा उपयोग करून खेड्यापाड्यांतल्या शेतकरी बायाबापड्यांची गाणी गोळा करू लागले. त्यांतून १९०८-०९ साली त्यांनी मुलांसाठी सोपी पुस्तके केली. पुढे त्यांचा मुलगा पेटर शिकण्याजोगा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला आधी पियानोला हातच लावू दिला नाही. पहिल्याने फक्त गायला लावले. त्यांचा मोठा ग्रंथ १९२६ ते १९३९ या काळात झाला, १५३ चिजांचा आणि सहा भागांचा. पहिले दोन भाग पेटरला अर्पण आहेत. पहिल्या सहा चिजांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात आणि पाच बोटांची जागा हलत नाही. म्हणजे आपल्या सा रे ग म प एवढ्यातच चालायचे. एका दाईच्या गाण्यापासून हे सगळे निघाले, याचे मला फार अप्रूप वाटले. ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आजींना कोणी विचारले नाही, पण त्यांच्या तीन-चार स्वरांच्या चाली पाच बोटांत चपखल बसतात. मी बसवून पाहिल्या आहेत.

हो, मी बसवून पाहिल्या आहेत. आता कबूल करते. धाकटीला सोडायला जाते तेव्हा बाई तिच्यानंतर दहा मिनिटे मला स्टुलावर बसवतात. माझी बोटे जड झाली आहेत, चौथे बोट ऐकत नाही. पण तीन बोटांचे पहिले गाणे मला आले. त्या दिवशी धाकटी शेजारी उभी राहून म्हणाली, “आई, चुकलं तरी थांबू नकोस, पुढे जा.” जिन्यावर मी तिला जे बोलले होते त्याची तिने अशी परतफेड केली.

मैत्रिणींनो, हे सगळे सांगण्याचा हेतू एवढाच. पियानो सर्वांच्या घरी येणार नाही आणि यायला पाहिजे असेही नाही. परंतु पियानोचीच एक धाकटी बहीण आपल्याकडे आहे. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० साली घेतले. हाताने भाता मारण्याची पेटी पुढे कलकत्त्यात तयार झाली आणि तिथून आपल्या कीर्तनांत, भजनांत, नाटकांत आली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले, तरी देवळांतून आणि घरांतून ती गेली नाही. पट्ट्यांची मांडणी पियानोची तीच. दोन काळ्या, तीन काळ्या, आणि डाव्या अंगाला पांढरी एक.

अशी एक पेटी आपल्या मंडळाच्या कपाटात सतरंज्यांच्या खाली पडून आहे. नवरात्रातल्या भजनाखेरीज ती बाहेर निघत नाही. तिचा भाता फाटला आहे आणि दोन पट्ट्या बसल्या आहेत. मी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवली आहे, तो म्हणतो की काम होण्यासारखे आहे. खर्चाचा आकडा चिटणीसबाईंना दिला आहे. माझ्या तिळगुळाच्या वड्यांचे या वर्षीचे पैसे मी त्यात घालीन.

मंगळवारी दुपारी सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते. चार वाजता मुलींना पाठवा, मुलांनाही पाठवा. मला शिकवता येत नाही, पण तीन बोटांचे एक गाणे येते, आणि पहिल्या दिवशी तेवढे पुरते. वाडीतल्या बाईंनी महिन्यातून एकदा यायचे कबूल केले आहे. आणि तुमच्यापैकी कोणाचे बोट लहानपणी पाटाच्या कडेवर नाचत असेल, तर तिने मुलांबरोबर स्वतःही यावे.